नावांचा अभ्यास सुरू करतोयस तर

आधी तुझ्या पेठेची मतदार यादी घे. नावापुढं वय असतं, त्यामुळं जन्माचं दशक लगेच कळतं. कोल्हापुरात म्हाताऱ्यांत जोतीराम, पांडुरंग भेटतील, मग संजय-सुनील, मग अमोल-सचिन. आरव-विहान शाळेच्या पटावरच.

बायकांच्या नावांना मात्र जप. लग्नात नाव बदलायची रीत आपल्याकडं जुनी. यादीतली लक्ष्मीबाई माहेरी कोण होती, ते घरी जाऊनच विचारावं लागतं. विचारच, माहेरचं नाव सांगताना आज्ज्या खुलतात, आणि ते नाव दुसरीकडं कुठं सापडेलच असं नाही. आक्काताई, बाळासाहेब ही नुसती हाक समजून गाळू नकोस, इथं ती कागदावरही असतात.

जन्मदाखल्यात नाव 15 वर्षांपर्यंत घालता येतं, त्यामुळं जन्मतारीख हीच नाव ठेवल्याची तारीख धरू नकोस.