वाहन-शंकासमाधान : ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर ऑइल आणि फिल्टर

प्रश्न : माझी टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिक २०२२ च्या अखेरीस घेतलेली असून तिचे ८०,००० किलोमीटर पूर्ण झाले आहेत. आंब्याच्या हंगामात पेट्या भरून तळेरे-वैभववाडीमार्गे करूळ घाट चढून कोल्हापूरला वारंवार जावे लागते. गिअरबॉक्सचे ऑइल आजवर बदललेले नाही. एका वर्कशॉपमधील सल्लागार म्हणतात की ते आयुष्यभर चालते. दुसरे गॅरेजवाले मशीन लावून सगळे ऑइल फ्लश करायला सांगतात. आणि आमचे एक नातेवाईक म्हणतात, की इतक्या उशिरा हात लावला तर गिअरबॉक्स बसेल. गिअर आजही व्यवस्थित पडतात. काय करावे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : ऑइल बदलावे, त्याबरोबर चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाची ऑइलची परात, उतरवून आतली जाळीही (फिल्टर) बदलावी, आणि हे काम पुढच्या हंगामाआधी उरकून घ्यावे. फ्लशिंग मशीनची आपल्याला गरज नाही.

आयुष्यभर चालणारे ऑइल हे विधान ज्या वापराला धरून केले जाते, तो आपला वापर नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगण नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद पुढे नेणारे तेच, दाब देऊन क्लच प्लेटा आवळणारे तेच आणि निर्माण झालेली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणारेही तेच. सपाट रस्त्यावर एका वेगाने गाडी धावत असते तेव्हा कन्व्हर्टरमधील दोन चक्रांना एकत्र जखडणारा लॉक-अप क्लच बसलेला असतो आणि ऑइल फारसे तापत नाही. भरलेली गाडी घाटात एखाद्या ट्रकमागे पंधरा-वीसच्या वेगाने चढू लागली की हा क्लच सुटतो, कन्व्हर्टरच्या दोन चक्रांच्या वेगात फरक पडतो आणि त्या फरकात वाया जाणारी सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये उतरते. तापमान दहा अंशांनी वाढले की ऑइलचे आयुष्य निम्म्यावर येते, असा एक ढोबळ नियम तंत्रज्ञ वापरतात. त्यामुळे मीटरवरचे किलोमीटर सारखे असले तरी मे महिन्यात घाट चढणाऱ्या गाडीचे ऑइल आणि महामार्गावर रिकाम्या धावणाऱ्या गाडीचे ऑइल एकाच वयाचे मानता येत नाही. टोयोटाच्याच अमेरिकेतील देखभाल-पुस्तिकांत टॅकोमासारख्या पिकअप ओझ्याखाली किंवा ट्रेलर ओढण्यासाठी वापरल्या जात असतील तर ६०,००० मैलांना, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरला, हे ऑइल बदलण्याची सूचना असते. आपण त्या टप्प्याच्या जवळ आला आहात.

नातेवाइकांच्या भीतीला अनुभवाचा आधार आहे, पण कारण उलटे लावले जाते. बहुतेक लोक गिअर घसरू लागल्यावर, झटके बसू लागल्यावरच ऑइल बदलायला जातात. तोवर क्लच प्लेटांचे अस्तर झिजलेले असते आणि गिअरबॉक्स पुढे बिघडणारच असतो. दोष मात्र शेवटी टाकलेल्या नव्या ऑइलवर येतो. आपले गिअर नीट पडत आहेत, म्हणजे काम करण्याची हीच योग्य वेळ आहे. कानाकोपऱ्यात बसलेला गाळ मशीनच्या जोरदार प्रवाहाने सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे ऑइल योग्य क्लचकडे वळवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्याच्या, बारीक वाटांमध्ये अडकण्याचा धोका मला खरा वाटतो. शिवाय चेंबर न उतरवता केलेल्या फ्लशमध्ये जाळी जुनीच राहते आणि धातूचा कीस धरून ठेवण्यासाठी चेंबरमध्ये बसवलेल्या चुंबकांवर काय जमले आहे, हेही कळत नाही.

चेंबरमधून काढलेले ऑइल हे सगळे ऑइल नसते, कारण बराच भाग कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतो. समजा, गिअरबॉक्समध्ये एकूण १० लिटर मावते आणि एका वेळी ४ लिटर निघते. तर पहिल्या खेपेला ४० टक्के, दुसऱ्या खेपेला ६४ टक्के आणि तिसऱ्या खेपेला सुमारे ७८ टक्के ऑइल नवे होते. दोन खेपांमध्ये काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी. ही पद्धत सावकाश चालणारी आहे, पण तिच्यात गिअरबॉक्सला कसलाही धक्का बसत नाही. जाळी पहिल्याच खेपेला बदलावी. नंतरच्या खेपांना केवळ ड्रेन बोल्ट उघडून भागते.

काम कोणाकडूनही करून घ्या, पण तेथे उभे राहून काही गोष्टी स्वतः पाहा. ड्रेन बोल्टाला पाना लावण्याआधी ऑइल भरण्याचा बोल्ट सैल करून घ्यायला सांगा, कारण तो गंजून अडकलेला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलेले असेल, तर गाडी जागची हलवता येत नाही. निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात मोजून ठेवावे आणि तितकेच नवे भरून सुरुवात करावी. चेंबर खाली आल्यावर चुंबकांकडे नीट बघा. त्यांच्यावर करड्या रंगाचा, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारा लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे. डोळ्यांना दिसणारे धातूचे कीस, किंवा तळाशी क्लच अस्तराचा काळा चुरा आणि जोडीला करपलेला वास असेल, तर मात्र केवळ ऑइल बदलून भागणार नाही. नुसता रंग गडद झाला म्हणून घाबरू नये. लाल ऑइल वापरात तपकिरी होतेच.

जाळीच्या तोंडाशी एक रबरी ओ-रिंग असते. जुनी जाळी ओढून काढताना ही रिंग पुष्कळदा वरच्या भोकातच चिकटून राहते, आणि मेकॅनिकच्या लक्षात आले नाही तर नवी रिंग तिच्यावरच बसवली जाते. मग जाळी नीट बसत नाही, पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो, गिअरबॉक्समधून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि चढावर गिअर घसरतात. म्हणून जुनी रिंग हातात आल्याशिवाय नवी जाळी बसवू देऊ नका. चेंबरचे बोल्ट समोरासमोरचे घेत, टॉर्क पान्याने, ठरावीक जोरानेच आवळावेत. जास्त आवळले तर पातळ पत्र्याची कड वाकते आणि नवे पॅकिंगही गळते.

सर्वाधिक चुका ऑइलची पातळी लावताना होतात. आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. गाडी चारही बाजूंनी समतल उचलून, इंजिन चालू ठेवून, गिअरचा दांडा प्रत्येक जागी क्षणभर थांबवत परत ‘पी’वर आणायचा; स्कॅनरवर ऑइलचे तापमान सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या पट्ट्यात आले की पातळीचा बोल्ट उघडायचा आणि बाहेर येणारी धार तुटून थेंब पडू लागले की तो बंद करायचा. उघडताना ऑइल अजिबातच आले नाही, तर ते कमी आहे. वरून भरून पुन्हा पाहावे. ऑइल तापले की फुगते. त्यामुळे गरम गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला तर गरजेचे ऑइलही जादा समजून वाहून जाते आणि पुढच्या थंड सकाळी पंपाला ते कमी पडते. थंड असताना पातळी लावली तर उलट ते जास्त भरले जाते, फिरणाऱ्या भागांनी घुसळून त्याचा फेस होतो, आणि फेसाने क्लचवर पुरेसा दाब येत नाही. कोकणातील मे महिन्यात दुपारी गाडी चालवत गॅरेजवर नेली, तर गिअरबॉक्स त्या पट्ट्यापर्यंत निवायला कित्येक तास लागतात आणि इतका वेळ कोणी थांबत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये ठेवून काम सकाळी पहिल्यांदा करून घ्यावे. ज्यांच्याकडे तापमान दाखवणारा स्कॅनर नाही, त्यांच्याकडे हे काम देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइल टोयोटाचे ‘डब्ल्यूएस’ याच प्रकारचे हवे. ते पातळ असते आणि सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांच्या, उघडझापीची वेळ त्या पातळपणावर बेतलेली असते. जुन्या गाड्यांचे डेक्स्रॉन-३ त्यात चालत नाही. डबा अधिकृत काउंटरवरून, बिलासह आणि सीलबंद घ्या. काढलेले ऑइल वाळवीसाठी लाकडाला फासण्याची किंवा कुंपणाकडेला ओतण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु ते घातक कचऱ्यात मोडते आणि बागेतल्या विहिरीपर्यंत पोहोचू शकते. ते गॅरेजच्या पिंपातच जाऊ द्या.

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये राहतो. आमच्याकडे २०१४ ची रॅम २५०० डिझेल पिकअप आहे आणि सुट्टीत तिच्यामागे कॅम्पर ओढतो. ऑइल बदलण्यासाठी मागवलेल्या किटमध्ये दोन फिल्टर आले, एक चपटा आणि एक इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा गोल. दोन्ही बदलायलाच हवेत का?
— एक वाचक, डॅलस

उत्तर : होय, दोन्ही बदलावेत. आपल्या गाडीतील ६८आरएफई गिअरबॉक्समध्ये हे दोन्ही फिल्टर चेंबरच्या आतच असतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. चपट्या फिल्टरमधून पंप ऑइल ओढतो, तर कूलरमधून परतणारे ऑइल गोल फिल्टरमधून जाते. चेंबर उतरवण्याचा खटाटोप केल्यावर त्यातला एक तसाच ठेवण्यात काही अर्थ नाही. गोल फिल्टर आट्यांवर फिरवून हातानेच घट्ट करायचा असतो.

काळजी घ्यायची ती चपट्या फिल्टरच्या सीलची. ते धातूच्या कड्याचे असते आणि पंपाच्या भोकात दाबून बसवलेले असते. जुने सील काढताना पेचकस ॲल्युमिनियमच्या भिंतीला लागून चरा पडला, तर त्या चऱ्यातून पंप हवा ओढत राहतो. नवे सील आधी योग्य मापाच्या ठोकणीने सरळ बसवावे आणि मगच त्यात फिल्टरची नळी सरकवावी. सील फिल्टरवर चढवून दोन्ही एकदम दाबले तर ते तिरपे बसते. कंपनीच्या मूळ चेंबरला ड्रेन बोल्ट नाही, त्यामुळे मागच्या कडेचे बोल्ट आधी काढून एका बाजूने ते हळूहळू झुकवावे आणि खाली रुंद भांडे ठेवावे. ऑइल ‘एटीएफ प्लस फोर’ हेच वापरावे. आपल्याला डिपस्टिकची सोय आहे; पातळी मात्र ऑइल गरम झाल्यावरची धरावी. कॅम्पर ओढणाऱ्यांनी हँडबुकातील कठीण वापराचा तक्ता पाळावा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमची इसुझू व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक रात्रभर पुराच्या पाण्यात उभी होती, पाणी सीटपर्यंत आले होते. इंजिनचे ऑइल बदलले, गाडी चालते. गिअरबॉक्सकडे बघायला हवे का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तातडीने बघायला हवे, आणि तोवर गाडी चालवू नये. गिअरबॉक्सला हवा खेळती राहण्यासाठी ब्रीदर असतो. पाणी त्याच्या वर गेले, तर ते आत शिरू शकते. थोडे ऑइल काढून काचेच्या बाटलीत घ्या. ते गुलाबी आणि दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे, यात शंका नाही. क्लच प्लेटांवरचे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असून ते पोलादावर चिकटवलेले असते. ते ऑइलपेक्षा पाणी अधिक शोषते, फुगते आणि कालांतराने सुटते. म्हणून पाणी जितका काळ आत राहील तितके नुकसान वाढत जाते. जाळी बदलून, ऑइल स्वच्छ लाल येईपर्यंत लागोपाठ बदलून पाहावे, कूलर आणि त्याच्या नळ्याही रिकाम्या कराव्यात. तरीही गिअर घसरत असतील तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल. गाडी गॅरेजपर्यंत ओढत न नेता चारही चाके उचलणाऱ्या फ्लॅटबेडवर न्यावी. त्याच वेळी मागचे डिफरन्शियल (चाकांच्या आसावरचा गिअरचा डबा) आणि गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह असल्यास पुढचे डिफरन्शियल व पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्सफर केस यांचेही ऑइल तपासून घ्या, कारण त्यांचे ब्रीदरही पाण्याखाली गेलेले असू शकतात.