बडोद्यात एका दिवसाचा माहितीपट महोत्सव घ्यायचा आहे. प्रेक्षक दिवसभर थांबतील का?

आपण लिहिले आहे की दांडिया बाजार परिसरातील आपले मंडळ एका रविवारी माहितीपट महोत्सव घेणार आहे, सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत नऊ चित्रपट ठरले आहेत आणि चिंता आहे ती प्रेक्षक टिकण्याची. माझ्या मते नऊ चित्रपटांसाठी कोणीही थांबणार नाही. चार असतील तर थांबतील, मात्र प्रत्येक चित्रपटानंतर किमान अर्धा तास चर्चेसाठी मोकळा ठेवावा लागेल. बडोद्यातच अशा आयोजनात माझा सहभाग राहिला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्या सभागृहात येणारा बराचसा वर्ग साठीच्या पुढचा असेल. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचे अनुबोधपट आणि वार्तापट एकेकाळी चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत, आणि या पिढीला माहितीपट आठवतो तो त्याच रूपात: कोणीतरी भारदस्त आवाजात सांगणार आणि आपण ते संपण्याची वाट पाहणार. त्यामुळे एकामागून एक चित्रपट लावले की प्रेक्षक मनाने पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसतो. पडद्यावर जे दाखवले त्यावर आपल्यालाही बोलता येणार आहे, दिग्दर्शकाला अडवता येणार आहे, असे कळले की तोच प्रेक्षक सावरून बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घरोघर शिरले तेव्हा परिसरातल्या काही मुलांनी मोबाईलवर केलेले चित्रण आम्ही पुढे एका कार्यक्रमात दाखवले होते. चित्रण ओबडधोबड होते, पण त्यानंतरची चर्चा थांबवताना सूत्रसंचालकाची दमछाक झाली, कारण पाणी कोणत्या गल्लीत आधी आले, सूचना कोणाला मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, यावर प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे काही होते. आपल्या चार चित्रपटांपैकी एक तरी असा घरचा विषय असावा. तो जेवणानंतर लावावा, कारण सर्वाधिक गळती त्याच वेळी होते, आणि चित्रपटात जे दिसतात त्यांना आग्रहाने बोलवावे. ते कुटुंबासह येतात.

सकाळचा वेळ मात्र बहुतेक मंडळे स्वतःच्या हाताने घालवतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि आभार यांत एक माहितीपट सहज मावेल. (सत्कार टाळल्याने कोणी रुसेल ही भीती मला मान्य आहे; रुसणाऱ्यांना चर्चेत पहिला प्रश्न द्यावा.) प्रास्ताविक करायचेच असेल तर ते या शहराविषयी करावे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालय खाते उभारले, आणि त्या खात्याच्या दृश्य-शिक्षण शाखेने ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नचे (काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवणारे यंत्र) आणि चलच्चित्रांचे खेळ केले. दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले आणि छायाचित्रणाचे प्रयोगही त्यांनी तेथेच केले. पुढे १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती, म्हणजे पौराणिक कथेआधी त्यांच्या कॅमेऱ्यापुढे एक साधे वास्तव उभे होते. माहितीपट पाहायला जमलेल्या बडोदेकरांना एवढे प्रास्ताविक पुरेसे आहे.

सभागृहाची जमीन सपाट असेल तर पडद्याची खालची कड बसलेल्या माणसांच्या डोक्यांच्या वर राहील इतका पडदा उंच बांधावा. सबटायटल्स खालच्या कडेलाच असतात, आणि तिसऱ्या रांगेपासून मागे ती दिसेनाशी झाली की परभाषेतला चित्रपट तेथेच संपतो. इंग्रजी सबटायटल्स ज्येष्ठांना तितक्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मराठी, गुजराती आणि हिंदी चित्रपटांना प्राधान्य द्यावे. बडोद्याच्या मराठी माणसाला या तिन्ही भाषा कानाने कळतात. चित्र थोडे फिके असले तरी लोक सोसतात, संवाद घुमले तर मात्र उठून जातात, त्यामुळे खर्चात काटकसर करायचीच असेल तर ती ध्वनिव्यवस्थेत करू नये. सर्व फाइल्स त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी चालवून पाहाव्यात. तारीख उत्तरायणाच्या आसपास ठेवू नये, कारण त्या दिवसांत सारे शहर गच्चीवर असते.

परवानगीचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, आणि ही अट माहितीपटांनाही लागू आहे. प्रमाणपत्र नसलेले चित्रपट महोत्सवात दाखवायचे असल्यास माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सवलत मागता येते. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांवर अशा प्रमाणपत्राची सक्ती होऊ लागली तेव्हा दिग्दर्शकांनी विरोध केला आणि ‘विकल्प’ या नावाने समांतर महोत्सव भरवला, यावरून हा मुद्दा किती नाजूक आहे हे लक्षात येईल. आपल्यासारख्या छोट्या मंडळाने प्रमाणपत्र असलेले चित्रपट निवडणे अधिक सोपे. यूट्यूबवर चित्रपट उपलब्ध आहे म्हणजे तो सभागृहात दाखवण्याची मुभा आहे असे समजू नये. दिग्दर्शकाची किंवा निर्मात्याची लेखी संमती घ्यावी आणि मानधनाचा विषय आपणच आधी काढावा. नऊऐवजी चार चित्रपट घेतल्यास त्याच रकमेत प्रत्येकाला बऱ्यापैकी मानधन देता येते, आणि एखाद्या दिग्दर्शकाचे अहमदाबाद किंवा मुंबईहून येण्याचे रेल्वेभाडेही त्यातच बसते.