पैझा विकत घेण्याआधी

कुठल्याशा व्हिडिओमुळे मंगोलांविषयी तेच ते प्रश्न पुन्हा आलेत. एकदाच उत्तरं देतो.

‘रेशीम मार्ग’ हे नाव मंगोलांचं का?

नाही. जर्मन भूगोलतज्ज्ञ रिख्टहोफेन यांनी ते 1877 मध्ये रूढ केलं.

कागदी नोटा कुबलाई खानानं शोधल्या, असं क्लासच्या नोट्समध्ये आहे. परीक्षेत लिहू?

लिहू नका. चीनमध्ये त्या दोनशेहून अधिक वर्षं आधीच होत्या. इराणच्या मंगोलांनी 1294 मध्ये तब्रीझला नोटा काढल्या, तर बाजार ओस पडला आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. शंका असेल तर कॉलेजातल्या सरांना विचारा, क्लासवाल्यांना नको.

पैझा म्हणजे व्यापाऱ्यांचा पासपोर्टच ना?

इथेच माझं डोकं फिरतं. पैझा ही खानाच्या माणसाची अधिकारपट्टी. ती दाखवली की ‘याम’वर, म्हणजे टपालचौकीवर, ताजे घोडे आणि जेवण फुकट. फुकट कुणाच्या जिवावर? चौकीला जोडलेल्या कुटुंबांच्या. घोडे त्यांचे, चाराही त्यांचा. राजघराण्याच्या भांडवलावर धंदा करणारे ‘ओर्तोक’ व्यापारीही पैझे मिळवून याच घोड्यांवर हिंडू लागले. शेवटी 1251 मध्ये गादीवर आलेल्या मोंगके खानानं जुने पैझे परत मागवले आणि व्यापाऱ्यांना चौकीचे घोडे बंद केले.

‘पण पेगोलोत्ती म्हणतो, चीनचा रस्ता रात्रंदिवस निर्धोक होता!’ म्हणतो. 1340च्या सुमारास लिहिणारा हा फ्लॉरेन्सच्या पेढीचा नोकर स्वतः चीनला गेलाच नव्हता. सगळं इतर व्यापाऱ्यांकडून ऐकलेलं. आणि तोच पुढे बजावतो: व्यापारी वाटेत मेला तर माल तिथल्या सत्ताधीशाचा, सोबत भाऊ, निदान भाऊ म्हणवणारा साथीदार असेल तरच माल त्याच्या हाती. राजा मेला, तर नवा बसेपर्यंत रस्त्याचा भरवसा नाही. हे व्हिडिओत कोण सांगणार? प्रकल्पात लिहिणार असाल तर मजकूर आधी मार्गदर्शकांना दाखवा.

ऑनलाइन ‘चंगीझ खानाचा अस्सल पैझा’ मिळतोय, सर्टिफिकेटसह. फोटो पाठवलाय. घेऊ का?

नको. त्यावरची चौकोनी अक्षरं फाग्स-पा लिपीतली. ती कुबलाईनं 1269 मध्ये लागू केली. चंगीझ 1227 मध्येच वारला! सर्टिफिकेट काय, विकणाराच छापतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला लोखंडी पैझा पाहा: अक्षरं चांदीची, लोखंडात जडवलेली. तुमच्या फोटोतली साच्यात ओतलेली दिसतात. पैसे भरून बसला असाल तर चिंचेनं घासू नका. परत करायची मुदत संपण्याआधी जवळच्या वस्तुसंग्रहालयात दाखवा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी निघालीच, तर 1972चा पुरावस्तू कायदा आड येतो. मग पावती घेऊन पुरातत्त्व खात्याकडे जा.