धुकं मळकट का होतं?

प्रश्न : फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या, लंडनच्या धुक्यातल्या वॉटर्लू पुलाच्या चित्रांसारखा पहाटेचा सिद्धेश्वर तलाव तैलरंगात करतोय. धुकं मळकट राखाडी दिसतं. काय चुकतंय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : काळा रंग आधी पॅलेटवरून काढा. मोनेच्या धुक्यात निळ्या, जांभळ्या, गुलाबी रंगांचे फटकारे शेजारीशेजारी आहेत. अल्ट्रामरीन या गडद निळ्या रंगात किंचित कॅडमियम ऑरेंज मिसळा, मग भरपूर पांढरा. ओल्या थरावर ब्रश घोटत राहिलात की रंगांचा चिखल होतो, बहुतेकांचं इथेच बिनसतं. थर हाताला सुका लागू द्या. मग जवळपास कोरड्या ब्रशने फिकट रंग अलगद ओढा. घाई अजिबात नको. मोनेनेही १८९९ ते १९०१ दरम्यान लंडनमध्ये सुरू केलेली ही चित्रं पुढे फ्रान्समधल्या जिव्हर्नीच्या आपल्या स्टुडिओत पुरी केली. तलावातलं मंदिर धुक्यापेक्षा जेमतेम एक छटा गडद ठेवा, कडा चिंधीने पुसट करा.