आईला मायग्रेनचा नाकातला स्प्रे दिला तर चालेल का? बीपीची गोळी चालू आहे.

आधी बीपीचंच सांगतो. या स्प्रेतलं औषध, सुमाट्रिप्टान, रक्तवाहिन्या आकसवतं. हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात किंवा ताब्यात नसलेलं बीपी असेल तर हा स्प्रे द्यायचाच नाही. तुम्ही सांगलीत आहात, मिरज जवळ आहे. आईंना तिथे डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. कडू चव, नाकात जळजळ, मुंग्या एवढं होतंच. छातीत किंवा जबड्यात दाब जाणवला तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

दुखायला लागताच एका नाकपुडीत एकच फवारा. हवेत उडवून बघू नका, आत एकच डोस असतो. थांबून पुन्हा दुखलं तर दोन तासांनी दुसरा. २४ तासांत ४० मिलिग्रॅमच्या वर नाही. महिन्यात १० दिवस किंवा जास्त घेतला तर औषधानेच डोकं दुखू लागतं. आणि सांगलीच्या उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका, ३० अंशांच्या आत हवा.