चित्रांतलं धर्मस्वातंत्र्य शिकायचंय, पण स्कोप आहे का?

प्रश्न : मी सांगलीत बी.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेच्या संसदभवनातलं रॉबर्ट वीअर यांचं पिल्ग्रिम लोकांचं चित्र नेटवर पाहिलं. धर्मस्वातंत्र्य, राष्ट्राची स्वप्नं चित्रकारांनी कशी रंगवली, यावरच काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बी.एड. कर. काय करू?

उत्तर : स्कोप आहे, पण वाट लांबची आहे. बाबांची काळजी रास्त आहे.

तू पाहिलेल्या चित्रात 1620 साली हॉलंडहून अमेरिकेला निघालेले पिल्ग्रिम जहाजाच्या डेकवर प्रार्थना करताहेत, मधोमध उघडलेलं बायबल आहे. धर्मापायी आधी इंग्लंड सोडावं लागलेली ही माणसं. आता संसदभवनाच्या त्याच रोटुंडातलं, म्हणजे घुमटाखालच्या गोल दालनातलं, जॉन चॅपमन यांचं 'पोकाहोंटासचा बाप्तिस्मा' बघ. दोन्ही चित्रं 12 फूट उंच, 18 फूट रुंद. पोकाहोंटास ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाची मुलगी. पांढऱ्या वस्त्रात ती गुडघे टेकून बसलीय, सगळा उजेड तिच्यावर. तिचा भाऊ मात्र तोंड फिरवून उभा आहे आणि काका आठ्या घालून जमिनीवर बसलाय. त्या काळात ती इंग्रजांच्या कैदेत होती, याची खूण चित्रात कुठेच नाही! एकाच छताखाली धर्मासाठी देश सोडणारेही आहेत आणि कैदेतल्या मुलीच्या धर्मांतराचा सोहळाही. हे का, असा प्रश्न तुला स्वस्थ बसू देत नसेल, तर कला-इतिहास तुझाच विषय आहे. अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांचं 1943चं 'फ्रीडम ऑफ वर्शिप' (उपासनेचं स्वातंत्र्य) हे चित्रही याच नजरेनं बघ.

आपल्याकडे फक्त अमेरिकन चित्रकलेवर पदवी शोधत बसू नकोस. आधी कला-इतिहासात पदव्युत्तर पदवी घे. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि दिल्लीचं जेएनयू ही माझी पहिली दोन नावं. प्रवेशाच्या अटी मात्र याच वर्षी वाचून ठेव. अमेरिकन चित्रकलेकडे पीएच.डी.ला वळ; अमेरिकेतल्या बऱ्याच चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ होते, वर विद्यावेतनही मिळतं. वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियम संशोधकांना फेलोशिप देतं.

नोकऱ्या थोड्या आहेत, हे बाबांना स्पष्ट सांग. संग्रहालयं, लिलावगृहं, कलादालनांचे कॅटलॉग आणि 'नेट' ही पात्रता परीक्षा देऊन प्राध्यापकी, एवढीच मुख्य दारं. बी.एड. पदव्युत्तर पदवीनंतरही करता येतं. सुट्टीत या दोन चित्रांवर मराठीत चार आणि इंग्रजीत चार पानं लिही आणि आधी तुझ्या इतिहासाच्या सरांना दाखव. प्रवेशाच्या अर्जाला लेखनाचा नमुना लागलाच, तर तोच कामी येईल.