ल्युकोट्राईन: तीन कशाचे, चार कशाचे?

प्रश्न असा आहे: दम्याच्या औषधाच्या माहितीत 'ल्युकोट्राईन' हा शब्द आला. त्याचा अर्थ 'तिहेरी बंध असलेले पांढरे द्रव्य' असा घेतला तर चालेल का? आणि पुढचे 'बी४', 'सी४' हे आकडे कशाचे?

नाही चालणार. 'ल्युको' म्हणजे पांढरे खरेच, पण इथे तो ल्युकोसाइटमधला, म्हणजे श्वेतपेशींतला. द्रव्याच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. तिहेरी बंधाचा घोटाळा मात्र आपल्या लेखनाने केला आहे. शब्द फोडायचा तो ल्युको-ट्राय-ईन असा. हा 'ईन' अल्कीनमधला, दुहेरी बंधाचा. 'ट्र-आइन' असा फोडला की अल्काइन आठवते आणि बंध उगाच तिहेरी होतो. म्हणून 'ट्राइन'पेक्षा दीर्घ ई असलेले 'ट्राईन' बरे.

हे द्रव्य अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनते. हे २० कार्बनांचे आणि चार दुहेरी बंधांचे मेदाम्ल पेशीच्या आवरणातच साठवलेले असते. दाह सुरू झाला की ते सुटते आणि ५-लायपॉक्सिजनेज हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडते. तयार होणाऱ्या बी४ मध्ये दुहेरी बंध ६-७, ८-९ आणि १०-११ या कार्बनांदरम्यान, एकाआड एक असतात. ट्राय म्हणजे हे तीन. अशा तिकडीमुळेच बी४ सुमारे २७० नॅनोमीटरला अतिनील प्रकाश शोषते आणि प्रयोगशाळेत ओळखू येते. चौथा बंध १४-१५ वर, तिकडीपासून सुटा. आकडा त्याच्यासकट एकूण बंधांचा; माशाच्या तेलातल्या ईपीए या पाच दुहेरी बंधांच्या मेदाम्लापासून बनलेले म्हणूनच बी५.

अक्षरे प्रकार सांगतात. ए४ अस्थिर. त्याला पाणी जोडले गेले की बी४, जे न्यूट्रोफिल या श्वेतपेशींना दाहाच्या जागी खेचते. पेशीतलेच ग्लुटाथायोन हे द्रव्य जोडले गेले की सी४, आणि त्यापासून डी४, ई४. श्वासनलिका आवळणारे ते हे तिघे. १९३८ पासून हे द्रव्य 'सावकाश क्रिया करणारा पदार्थ' म्हणून माहीत होते, कारण हिस्टामिनच्या मानाने स्नायूचे आकुंचन हळू होई आणि रेंगाळे. ल्युकोट्राईन हे नाव स्वीडनचे जीवरसायनशास्त्रज्ञ बेंग्ट सॅम्युएल्सन यांनी १९७९ मध्ये दिले.

मराठी प्रतिशब्द पाडू नये असे माझे मत. 'श्वेतपेशीजन्य मेदाम्ल' भारदस्त दिसते, पण श्वेतपेशी प्रोस्टाग्लँडिने आणि लायपॉक्सिने ही मेदाम्लापासूनची इतर द्रव्येही बनवतात. मग वेगळेपण काय उरले? प्रथिनासारखे नपुंसकलिंगी चालवावे: ते ल्युकोट्राईन, ती ल्युकोट्राईने.

आणखी एक. मॉन्टेलुकास्ट या दम्यावरच्या औषधाबद्दल 'मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राईने कमी करते' हे वाक्य सर्रास दिसते, ते चूक आहे. हे औषध पेशीवरच्या ग्राहीची (रिसेप्टरची), म्हणजे ल्युकोट्राईन जिथे चिकटते ती जागा अडवते. द्रव्य बनतच राहते, फक्त त्याला चिकटायला जागा मिळत नाही. बनणेच रोखते ते झायल्युटॉन हे दुसरे औषध. तेव्हा मॉन्टेलुकास्टसाठी 'परिणाम रोखते' असे लिहावे.